बेस गिटार घेताना

लातूरकडच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. मुलगा नववीत आहे. कालपरवापर्यंत क्रिकेटची बॅट मागायचा, आता बेस गिटार मागतो आहे. साधी गिटार तरी आम्हांला ऐकून माहीत, ही बेस म्हणजे काय आणि पाच-सहा हजारांत बरी मिळेल का, असे त्या विचारतात. शेवटी हळूच लिहिले आहे की दादींना हे पसंत नाही.

शेवटच्या गोष्टीचे आधी सांगतो. घरात वाद्य असावे की नसावे याबद्दल आपल्याकडे घरोघरी मत निराळे, आणि ते ज्या-त्या घराने ठरवावे. आम्ही पडलो मिरजेचे. इथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून सतार-तंबोरे करायला घेतले त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा आमच्या घरी हा प्रश्न अडला नाही. अडले ते पैशावर, आणि त्याहून जास्त आमच्या अज्ञानावर.

तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची असते. ऐकणाऱ्याचे लक्ष तिच्याकडे जात नाही, पण ती उतरली की बाकीचे सूर उघडे पडतात. बेस गिटार म्हणजे बँडमधली ही खर्जाची तार समजा. तिला सहसा चार तारा असतात, आणि त्या साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ बेस वाजवायचे. ती गाणी पुन्हा ऐका, पण मोबाइलवर नको, मोबाइलच्या छोट्या स्पीकरला हा सूर झेपतच नाही. आज मुंबईची मोहिनी डे हे वाद्य घेऊन जगभर फिरते. तिला हे वडिलांनीच लहानपणी शिकवले. आमच्या मुलीने तिलाच बघून हट्ट धरला.

मुलगी तेव्हा तेराची होती. आम्ही मोबाइलवर शोधले, लाल रंगाची एक बेस दिसली. सोबत पिशवी, पट्टा, वायर, सगळे मिळून सहा हजार दोनशे. दोन ईदींची जमवलेली रक्कम तिची, उरलेले आम्ही घातले. तीन महिने ती रोज बसली. बोटांना फोड आले. ते सगळ्यांनाच येतात, आठ-पंधरा दिवसांत कातडी टणक होते. पण हिची तार दाबलीच जाईना. दाबली तर सूर बेसूर. आम्ही म्हणायचो, सराव वाढव, पैसे काय झाडाला लागतात का? एके दिवशी ती म्हणाली, "अम्मी, माझ्या हातातच काहीतरी कमी आहे," आणि बेस पलंगाखाली गेली.

त्या ईदला शेजारचे चाचा शीरखुर्म्याला आले. उभी हयात तंबोरे करण्यात गेलेला माणूस. पलंगाखालून डोकावणारी पिशवी त्यांनीच ओढून काढली. एक डोळा मिटला आणि बेसच्या दांडीवरून, खुंट्यांकडून खाली, बंदुकीचा नेम धरावा तसे पाहिले. मग म्हणाले, "पोरीला बोलू नका. दांडीला पीळ आहे." बाराव्या पडद्यावर पट्टी धरली तर तार पाच मिलिमीटर वर! ती दोन-अडीच मिलिमीटर असायला हवी. परत करायची मुदत केव्हाच संपली होती. मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. आम्हांला तिच्याकडे बघवेना.

तेव्हापासून जे शिकलो ते भगिनींना लिहितो आहोत.

दांडी आधी पाहा, रंग नंतर. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो आणि तो रात्रंदिवस त्या लाकडावर असतो. म्हणून दांडीच्या पोटात लोखंडी सळई घातलेली असते. अॅलन की फिरवली की वाक कमी-जास्त होतो. किंचित वाक असावाच लागतो. तो सळईने सुधारतो, पीळ मात्र सुधारत नाही. चाचांनी पाहिले तसे टोकाकडून पाहा, पहिल्या आणि शेवटच्या पडद्याची रेघ एकमेकीला समांतर दिसली पाहिजे. मग दांडीच्या कडेवरून तळहात फिरवा. लाकूड सुकून आत गेले असेल तर पडद्यांची टोके बोचतात. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून बघा. वेळ लागतो, दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्या. एखाद्या ठिकाणी तार झणझणली तर विचारा. मशीनला जोडून बटणे फिरवा. खरखर आली, वायर हलवल्यावर आवाज तुटला, तर भाव कमी करायला हक्काचे कारण मिळाले. बाराव्या पडद्याशी तार न दाबता नुसते बोट टेकवून वाजवायची, मग तिथेच दाबून वाजवायची. दोन्ही सूर एकच हवेत. थोडा फरक घोडी पुढेमागे करून निघतो.

दुसरी गोष्ट लांबीची. नेहमीच्या बेसच्या तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असते. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हापासून हेच माप चालत आले आहे. त्यावर पहिले घर जवळजवळ पाच सेंटिमीटर रुंद पडते. लहान हाताला तेवढा ताण देणे म्हणजे रोजची शिक्षाच. ३० इंची बेसही मिळतात, त्यांत हेच घर सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास येते. इबानेझची मिक्रो तर २८.६ इंचीच आहे. खर्जाची तार यांत थोडी सैल बोलते हे खरे, आणि तारा बदलताना आखूड मापाच्याच आणाव्या लागतात. पण तुमचा मुलगा नववीत आहे, उंची असेल तर ३४ इंचीही चालेल. त्याला दुकानात नेल्याशिवाय घेऊ नका. बसून आणि उभे राहून, पट्टा लावून, दोन्ही तऱ्हांनी धरायला सांगा. हात सोडल्यावर खुंट्यांची बाजू खाली झुकत असेल तर वर्षभर डावा हात तिला तोलण्यातच जाणार.

नावे विचाराल तर फेंडरचीच स्वस्त शाखा असलेली स्क्वायर, यामाहाची टीआरबीएक्स १७४, इबानेझची जीएसआर १८०, ही नवशिक्यांच्या हातात नेहमी दिसतात. नाव असले तरी वर सांगितलेली तपासणी चुकवू नका. काही बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. त्या वाईट नसतात, पण वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवायची आठवण मुलांना राहत नाही, आणि बॅटरी उतरते. शिकाऊला बिनबॅटरीची बरी.

आता पैसे. पाच-सहा हजारांत नवी घेऊ नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या पैशांत जुनी शोधा किंवा अजून सहा महिने थांबा. आम्ही दुसऱ्या वेळी चौदा हजार जमवले आणि कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या मुलाकडून ३० इंची वापरलेली दहाला घेतली. घ्यायला चाचांना सोबत नेले. उरलेल्या चारांत नव्या तारा, जाणकाराकडून एकदा नीट जुळवणी, आणि हेडफोन लावायचे छोटे यंत्र आले. पैसे संपवताना लोक नेमकी ही जुळवणी सोडून देतात. स्वस्त बेसही नीट जुळवली तर हाताला मऊ लागते आणि महागडी जुळवली नाही तर बोटे कापते.

मोठे मशीन पहिल्या वर्षी लागत नाही. कोणाचे साध्या गिटारचे मशीन घरी पडून असेल तर त्यावर आवाज वाढवून बेस वाजवू नका, त्याचा स्पीकर फाटू शकतो. हेडफोनवर बेस वाजते तेव्हा शेजारच्या खोलीत तारांची टकटक तेवढी ऐकू येते. रात्री कोणाची झोप मोडत नाही की कोणाच्या नमाजात खलल पडत नाही. दादींची निम्मी तक्रार तिथेच मिटेल. उरलेल्या निम्म्यीचे तुम्ही घरात बसून बघा, आम्ही मिरजेहून काय सांगणार! सूर लावायला मोबाइलमधले फुकटचे अॅप पुरते.

आमची मुलगी आता अकरावीत आहे. जुनी लाल बेस चाचांच्या कारखान्यात खुंटीला टांगलेली आहे. कामावर नवा पोरगा आला की पीळ कसा ओळखायचा ते ते त्याला तिच्यावर दाखवतात. तिला याचे हसू येते. आम्हांला अजून येत नाही.

भगिनींनी ताजा कलम लिहून पाच तारांच्या बेसविषयीही विचारले आहे, मुलाच्या मित्राकडे तशी आहे म्हणून. चारच तारांची घ्या.