बटणं दाबा, तार बोलेल!

बालमित्रांनो, एक कोडं घालते. तारा आहेत, पण सतार नाही. बटणं आहेत, पण पेटी नाही. गणपतीच्या मिरवणुकीत याचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जातो. ओळखा पाहू?

लालबाग-परळची मुलं एव्हाना ओरडलीही असतील, “बाई, बेंजो!”

बरोब्बर! पण गंमत अशी, की बाकीचं जग ज्याला बॅंजो म्हणतं तो हा नव्हेच. तो गोल असतो, चामड्याने मढवलेला; आफ्रिकेतून अमेरिकेत नेलेल्या गुलामांनी तो घडवला. आपला बेंजो म्हणजे खरं तर बुलबुल तरंग, आणि त्याचं माहेर जपान. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तारांच्या पेटीवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली. त्याच वर्षी जपानात ‘ताइशो’ राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव पडलं ताइशोगोतो. (टाइपरायटर म्हणजे काय, हे आईबाबांना विचारा. त्यांनाही आठवत नसेल तर आजोबांना!)

डाव्या हाताने बटण दाबलं की ते तारेवर टेकतं. तारेचा थरथरणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो. उजव्या हातातल्या छोट्या पत्तीने तारा छेडायच्या. झालं वाद्य! पण आवाज एवढासा. ढोल-ताशापुढे तो कसा टिकणार?

एक रबरबँड दोन बोटांत ताणून छेडा. जेमतेम ऐकू येईल. आता तोच स्टीलच्या उघड्या डब्यावर चढवून छेडा. आवाज वाढला ना? डब्याने तुम्हाला मदत केली. मिरवणुकीतल्या बेंजोला मदत करते वीज. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याला म्हणतात पिकअप. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. ॲम्प्लिफायर तिला बळ देतो आणि कर्ण्यातून बाहेर पडतो तो बेंजोचा खणखणीत सूर. जोडीला ऑक्टोपॅड आला. आठ चौकोनी गाद्या, प्रत्येकीवर वेगळा आवाज: इथे ढोलकी, तिथे संबळ. जपानच्या रोलंड कंपनीने पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली काढला.

याच कंपनीच्या यंत्रांची आणखी एक मुंबईतलीच गोष्ट आहे. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एक अफलातून प्रयोग केला. एक यंत्र सुरांचं, एक खर्जाचं, एक तालाचं; आणि त्यांवर भैरवी, ललित, भूपाळी असे दहा राग, डिस्कोच्या ठेक्यात! तबकडी निघाली, पण फारशी खपली नाही. (त्याच वर्षी इकडे गिरण्यांचा संप सुरू झाला होता.) पुढे काही वर्षांनी अमेरिकेत शिकागोला अशाच यंत्रांवर एक नवं नृत्यसंगीत निघालं, ते जगभर गाजलं. २०१० मध्ये चरणजितजींची तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. अरे, हे तर मुंबईत आधीच झालं होतं! मग उतारवयात ते युरोपात जाऊन लोकांसमोर वाजवू लागले. २०१५ साली ते गेले.

त्यांच्या त्या प्रयोगात माणूस एक आणि यंत्रं तीन. आपल्या गल्ल्यांत उलटं झालं: विजेच्या एका वाद्याभोवती माणसं जमत गेली. बेंजोवाला, कीबोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला, ढोल-ताशेवाले, शिवाय जनरेटर सांभाळणारा आणि गाडी ढकलणारे. यांत शिट्टी वाजवणाराही धरा, त्याच्यावाचून कुणाचंच चालत नाही! आता तर पुष्कळ पथकांच्या नावात ‘बीट्स’ असतं.

मिरवणूक म्हणजे काही सभागृह नव्हे. श्रॉफ बिल्डिंगसमोर राजावर फुलं उधळली जातात, तिथे गाडी थांबते. कुठे खड्ड्यात चाक अडकतं. अशा वेळी बेंजोवाला तीच ओळ पुन्हा घेतो, मान वळवून मागे बघतो, आणि ऑक्टोपॅडवाल्याला कळतं की अजून एक आवर्तन. डीजेच्या भिंतीला हे कुठून कळणार? तिचं गाणं संपायचं तेव्हाच संपतं.

पालकांनो, तुमच्याशीही दोन शब्द. ‘कसला हा गोंगाट’ असं आपण पटकन म्हणून जातो. कानाचं म्हणाल तर ते खरंच आहे. कर्ण्याच्या अगदी पुढ्यात मुलांना उभं करू नका, आणि रात्रीच्या वेळेचा नियम पथकांनीही पाळायलाच हवा. पण यातली कितीतरी मुलं नोटेशन न शिकता, नुसतं ऐकून अख्खं गाणं बोटांत उतरवतात. एरवी नोकरी-धंदा करतात, गणपती-नवरात्र-लग्नसराईत सुपारी घेतात. डीजे स्वस्तात मिळाला की ती सुपारी जाते, आणि दहा-पंधरा जणांचे हात रिकामे राहतात. मला विचाराल, तर मंडळाच्या सभेत हा मुद्दा मांडायला हरकत नाही.

आणि मुलांनो, तुमचा डबा अजून बाहेरच असेल. रबरबँडखाली एक पेन्सिल आडवी घाला, हळूहळू सरकवत छेडा, आणि सा-रे-ग-म कुठे कुठे सापडतात तिथे डब्यावर खडूने खुणा करा. खुणांमधलं अंतर सारखं येतं का, ते मला पत्राने कळवा.