फट बुजली, पण कोणाची?

‘अनोळखी लिंक उघडू नका’ हा उपदेश आता आपल्याला तोंडपाठ झाला आहे. जणू संगणकाच्या सुरक्षिततेचा सारा भार वापरणाऱ्याच्या शहाणपणावरच आहे! मला हे पटत नाही.

वेबपानांतील जावास्क्रिप्ट ही भाषा चालविण्यासाठी क्रोम ब्राउझरमध्ये ‘व्ही-८’ नावाचे इंजिन असते. २५ जून २०२५ रोजी त्यात एक फट असल्याचे गूगलच्याच तज्ज्ञाने कळविले. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२५-६५५४. तिचा गैरफायदा घेणारे साधनही तयार झाले होते, हे गूगलने मान्य केले. मुद्दाम रचलेले एखादे पान नुसते उघडले, तरी ब्राउझरच्या स्मृतीत परक्याचा हात शिरू शकत होता.

अशी फट पडते कशी? आपल्याकडच्या धान खरेदी केंद्राचेच उदाहरण घेऊ. शंभर पोत्यांत धानच निघाले, की काटेवाला एकशे एकावे पोते न उघडताच ‘धान’ लिहून मोकळा होतो. वेग वाढविण्यासाठी हे इंजिनही अनावश्यक वाटणारी तपासणी गाळते. बहुतेक वेळा हिशेब बरोबर येतो. जिथे तो चुकतो, तिथे लबाड माणूस धानाच्या नावाखाली भलतेच पोते आत सरकवतो. यात पान उघडणाऱ्याचा दोष कोणता?

अवघ्या पाच दिवसांत, ३० जूनला, दुरुस्त आवृत्ती आली. इंजिनिअरांनी आपले काम चोख केले. पण ती दुरुस्ती पोचली कुठवर?

आमच्या घरी संगणक नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज मी तालुक्याच्या गावी एका केंद्रावर भरते. तिथे अजून विंडोज ७ आहे. या प्रणालीवर क्रोमच्या नव्या आवृत्त्या येणे फेब्रुवारी २०२३ पासून बंद झाले आहे. नंतर सापडलेली जी फट त्या जुन्या आवृत्तीतही असेल, ती तिथे उघडीच राहणार. आणि त्याच पडद्यावर माझ्या बाबांचा आधार क्रमांक, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक! केंद्रचालकाला मी दोष देत नाही. नवा संगणक त्यालाही परवडत नाही. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा, त्याचीच फट आधी बुजते. गरिबाच्या वाट्याला उरतो तो उपदेश.

म्हणून महाविद्यालयाकडे माझी नम्र मागणी आहे. अर्ज भरण्यासाठी ग्रंथालयात निदान एक अद्ययावत संगणक विद्यार्थ्यांना खुला असावा. केंद्र सरकारचे ‘सर्ट-इन’ पथक अशा फटींच्या सूचना इंग्रजीत काढते. त्यांतील महत्त्वाच्या सूचना सोप्या मराठीत फलकावर लागाव्यात. आणि मित्रहो, एक काम आपणही करू. क्रोममध्ये आलेली दुरुस्ती ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय लागू होत नाही. तेवढे तरी आजच करू या.

कुलूप बदलणे ज्यांच्या हाती आहे, त्यांनी केवळ ‘दार नीट लावा’ असे सांगून थांबू नये.