सलाईनचे चाक फिरवू नका

रुग्णाबरोबर आलेल्या मंडळींना सलाईन लवकर संपावी असे वाटते. शेवटची बस गाठायची असते, घरी गुरांची धार काढायची असते. मग सिस्टरची पाठ वळताच कोणीतरी नळीवरचे चाक सैल करतो. आमच्या मते ही घाई जिवावर बेतू शकते.

थेंबांचा वेग अंदाजाने ठरत नसतो. समजा, डॉक्टरांनी ५०० मिलीलिटरची बाटली ४ तासांत, म्हणजे २४० मिनिटांत द्यायला सांगितली आणि नळीच्या पाकिटावर एका मिलीलिटरला २० थेंब असे छापले आहे. एकूण थेंब झाले १०,०००. त्यांस २४० ने भागले की मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात. सिस्टर घड्याळ पाहून तेवढेच थेंब लावते. लहान मुलांसाठी वापरतात त्या बारीक थेंबांच्या नळीत एका मिलीलिटरला ६० थेंब पडतात. तिचा हिशेब निराळा.

पाणी वेगाने शरीरात गेले तर फुफ्फुसांत साचू शकते, धाप लागते. म्हातारी माणसे, लहान मुले, हृदयाचे व मूत्रपिंडाचे रोगी यांना धोका अधिक.

रुग्णाने हात दुमडला तरी थेंब मंदावतात. तेव्हा थेंब थांबले वा भरभर पडू लागले, तर चाकाला हात न लावता सिस्टरला हाक मारावी. सिस्टरांनीही मिनिटाचे थेंब आणि बाटली संपण्याची वेळ पट्टीवर लिहून बाटलीला चिकटवावी व नातेवाइकांना समजावून सांगावी. कारण कळले की माणसे धीर धरतात, असे आम्हांस वाटते.