हृदयाची दिशा: 'नॉर्मल' म्हणजे एक आकडा नव्हे



हृदयाचा पाठ आपण कसा घेतो? चार कप्पे, मिनिटाला साधारण ७२ ठोके, झालं. पण प्रत्येक ठोक्याआधी हृदयातून विजेची एक लहर जाते आणि तिला दिशा असते, हे राहूनच जातं. माझ्या मते पाचवीच्या मुलांनाही हे कळतं, आणि पालकांना तर कळायलाच हवं. आपल्या परळ-लालबागमध्ये केईएम जवळ, मुलांचं वाडिया जवळ. घरात कुणाचा तरी ईसीजी असतोच. त्यावर 'अ‍ॅक्सिस' आणि पुढे अंश दिसले की लोक मोबाईलवर शोधतात आणि घाबरतात.

अ‍ॅक्सिस म्हणजे हीच दिशा. मुलांना विसर्जनावरून सांगा. लालबागच्या राजाची मिरवणूक गिरगाव चौपाटीला जाते. वाटेत कुणी मागे फिरतं, कुणी पाणी प्यायला गल्लीत शिरतं, पण सगळ्यांची गोळाबेरीज केली तर गर्दी गिरगावकडेच चाललेली असते. हृदयातली लहर उजव्या वरच्या कप्प्यात सुरू होते, मध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत चहूकडे पसरते. त्यातला डावा कप्पा जाडजूड, म्हणून बेरीज निघते खाली आणि डावीकडे. हातापायांचे चिमटे म्हणजे वाटेवरचे कॅमेरे. लहर आपल्याकडे येताना दिसली तर रेघ वर, लांब जाताना खाली. नेदरलँड्सच्या आइन्थोव्हेन यांनी ही पद्धत बसवली, त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं.

मोजताना डाव्या हाताकडे शून्य अंश आणि पायांकडे अधिक ९०. (गणितातल्या सवयीच्या उलट, मुलं इथे अडतील.) निरोगी प्रौढांत ही दिशा साधारण उणे ३० ते अधिक ९० मध्ये कुठेही असते. म्हणजे तब्बल १२० अंशांचा पट्टा! उंच, सडपातळ माणसात ती पायांकडे झुकते. बसक्या बांध्यात, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत डावीकडे कलते. खोल श्वास घेतला तरी थोडी हलते.

नवजात बाळाचं तर वेगळंच. गर्भात उजव्या कप्प्यावर भार जास्त, म्हणून त्याची दिशा उजवीकडे असते आणि पुढच्या काही महिन्यांत आपोआप डावीकडे सरकते. मोठ्यांच्या मापाने बाळाचा कागद वाचला तर धडधाकट बाळ आजारी ठरेल! आकडा पट्ट्यात आहे म्हणून सगळं ठीक, असंही नाही. डॉक्टर वय, बांधा, तक्रार आणि बाकीच्या रेघा एकत्र पाहतात. आपण मात्र एकच ओळ धरून बसतो, आणि शाळेतही एकाच बरोबर उत्तराची सवय आपणच लावतो.

वर्गात फळ्यावर माणूस काढा, छातीवर वर्तुळ, आणि पट्टा मुलांना रंगवू द्या. बाळासाठी दुसरा खडू. फक्त चित्रातल्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, हे आधी सांगा.