शिवणकाम की इलेक्ट्रिशियन?

दहावीचा निकाल लागला, की आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरोघरी हिशेब मांडले जातात. मुलगा असेल तर आयटीआयला इलेक्ट्रिशियन, फिटर. मुलगी असेल तर, ‘शिवणकामाला घाला, वर्षात होतंय, पुढं घरी उपयोगी पडेल.’ शिवणयंत्रानं कितीतरी संसार तारलेत, हे खरंच. पण मैत्रिणींनो, एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला, की नियमांत बसणाऱ्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. शिकलेलं जमेस धरलं जातं, एक वर्ष वाचतं. शिवणकाम एक वर्षाचं. त्याला ही वाट नाही.

सोळाव्या वर्षी दहावी, अठराव्या वर्षी आयटीआय. नेमकी तेव्हाच स्थळं यायला लागतात. त्या वेळी ‘आणखी दोनच वर्षं, विसाव्या वर्षी डिप्लोमा हातात,’ असं आईला ठामपणे सांगता आलं, तर पोरीचं शिक्षण टिकतं. पुढं इंजिनिअरिंगलाही थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजा आहे. आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेतच.

म्हणून अर्ज भरताना ‘मुलीला काय शोभतं?’ हे विचारूच नका. ‘हा ट्रेड किती वर्षांचा आणि पुढं कुठं नेतो?’ एवढं मात्र नक्की विचारा.