शनिवारवाड्याला झपाटले कोणी?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींना घेऊन आम्ही वसईहून पुण्यास गेलो होतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत पाऊल पडते न पडते तोच एका चिरंजीवांनी विचारले, "फादर, पौर्णिमेच्या रात्री इथे अजून 'काका, मला वाचवा' असे ऐकू येते म्हणतात, ते खरे का?" बरोबरच्या बहुतेकांना वाड्याविषयी तेवढेच ठाऊक होते. दोष त्यांचा नव्हे. आपण वडीलधाऱ्यांनी त्यांच्या पदरात तेवढेच टाकले आहे.

भुताखेतांच्या गोष्टींशी आमचे वैर नाही. त्या गोष्टीआड जे दडविले जाते, त्याविषयी आमची तक्रार आहे. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली या वाड्याचा पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतला इमला भस्मसात झाला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. या मोकळ्या जोत्यांवर भूत बसविणे सोपे झाले, इतकेच.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना याच वाड्यात ठार केले. ते भर दुपारी, बरे का! पेशव्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे, म्हणजे आमच्या त्या चिरंजीवांएवढेच. मग या वधाला रात्र कोणी चिकटविली? आणि 'ध'चा 'मा' केल्याचा प्रवाद आनंदीबाईंच्या माथी मारून बाकीच्या कारस्थानी पुरुषांना इतक्या सहज मोकळे कोणी सोडले? हे सारे रंगवून सांगणाऱ्यांना रामशास्त्री प्रभुणे मात्र आठवत नाहीत. या न्यायाधीशाने चौकशी केली, गादीवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर दोषी ठरविले आणि पद सोडून वाईकडची वाट धरली. वाड्यातील ती किंकाळी एका माणसाने ऐकली होती. ती हवेत भटकत राहिली, असे म्हणणे हा त्या माणसाचा अपमान आहे, असे आमचे मत आहे.

आणि पुढे काय झाले? बारभाईंनी दूर सारलेले राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले. १७७५ च्या सुरतेच्या तहात पेशवाई मिळविण्यासाठी त्यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. आमची वसई! १७८० साली इंग्रजांनी ती लढून घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. ज्या मातीत आपण वाडी-वाफे करतो, तिची बोली त्या वाड्यातल्या खुनापायी लागली होती, हे आपल्यापैकी किती घरांत सांगितले जाते?

परतीच्या वाटेवर हे सारे आम्ही गाडीत सांगितले. घोडबंदर मागे टाकून पुलावर आलो, तेव्हा ते चिरंजीव खाडीकडे बघत म्हणाले, "म्हणजे फादर, त्या सौद्यात आपणही होतो?"

होतो, बाळा.