रोजा आणि रोजंदारी

रमजानचा रोजा आरोग्यास हितकारक की अपायकारक, हा वाद दरवर्षी होतो. निरोगी प्रौढास तो सहसा अपाय करीत नाही. संयम आणि सामुदायिक इफ्तार यांनी मनास उभारीही येते. सहरी व तरावीह यांमुळे झोप तुटते, हेही खरे. परंतु या वादात रोजा धरणाऱ्याच्या कष्टाचा विचार क्वचितच होतो.

चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी रोजे जूनमध्ये आले. पाण्याचा थेंबही वर्ज्य असताना सावलीत बसणारा कारकून आणि नांदेड-लातूरच्या आडतीत पोती वाहणारा हमाल यांचा रोजा एकच, पण झीज वेगळी.

मधुमेह्यांचा धोका याहून गंभीर आहे. १३ देशांत २००१ साली झालेल्या पाहणीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेह्यांपैकी सुमारे ७९ टक्के जणांनी किमान १५ रोजे धरले होते. या गटात रक्तातील साखर घातक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाण साडेसात पट झाले.

कुराणाने आजाऱ्यास सवलत दिली आहे. पण ती घेण्यासाठी आधी आजार ठाऊक हवा. आणि तपासणीस गेलेल्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते. रमजानपूर्वी सहा ते आठ आठवडे वैद्यकीय सल्ला घ्यावा, असे तज्ज्ञ सांगतात. दोन्ही शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी ही तपासणी सायंकाळी ठेवावी व मशिदींतून तशी सूचना द्यावी. श्रद्धा ज्याची त्याची. तिच्यापायी गरिबाची प्रकृती खर्ची पडू नये, ही जबाबदारी मात्र सर्वांची आहे.